दाताच्या कण्या

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला, चौथ्या गल्लीत,
पाटीवर अजून बापाचंच नाव: पागधरे गिअर वर्क्स.
गिऱ्हाईक आत येतं, मला बघतं,
विचारतं, मिस्त्री कुठंयत?
मी हात पुसते. तोवर त्याला कळलेलं असतं.

हरेश्वर तांडेल दिवाळीपासून तिसऱ्यांदा आलाय,
पिकअप टोचन करून.
पापलेटं दुसऱ्या गाडीत घालून पुढे गेली,
बर्फ राहिला मागे,
तो माझ्या दारात ठिबकतोय.

मागल्या वर्षी अंधेरीच्या एका पोराने
लॅपटॉप लावून त्याचे घोडे वाढवून दिले.
एकशे चाळीस होते, दोनशे झाले.
कसारा घाट चौथ्यात चढते, म्हणतो, भरलेली!
घोडे वाढले रे, टांगा तोच ना?
तो हसतो. कंपनीनेच लोखंड कच्चं घातलंय, म्हणतो.

दीड तासात बॉक्स खाली.
तळाचा बोल्ट सोडला,
तेल आलं काळं, करपल्या लसणीच्या वासाचं.
बोल्टाच्या चुंबकावर लोखंडाची लव उभी.
पितळ त्याला चिकटत नाही,
ते ट्रेमध्ये तरंगत राहतं
जुन्या शालूची जर खरवडावी तसं.

दाताच्या कण्या, बाप म्हणायचा.
मला वाटायचं, बोलायची रीत.
त्याने केल्याच होत्या तशा:
उधारीवाल्यांपुढे,
माझी नखं काळी म्हणून मला घरी धाडलं
तेव्हा हेडबाईंपुढे, टोपी हातात धरून.
पहिल्यांदा ट्रे समोर धरला त्याने,
म्हणाला, बोट घाल, चोळून बघ.
खरखरलं.
तेव्हा कळलं, माणसं नुसतं म्हणतात,
करतो तो गिअर.

हरेश्वर, ये इकडे. हा तिसरा.
याचा एक दात मुळापासून गेलाय,
बाकीचे बघ कसे चकचकीत, उपाशी माणसासारखे.
ही पितळी रिंग. हिचं काम एवढंच,
दोन वेगळ्या वेगांना क्षणभर एक करायचं.
तू तिला तो क्षण देत नाहीस.
चौथ्यात गाडी मरायला टेकते
आणि तू पाय दाबतोस,
दोनशे घोडे एका दातावर.
घाटभर हा डबा तुझ्याशी बोलत होता,
तू गाणी लावली होतीस.

मोठ्या ट्रकचा बॉक्स बसव, म्हणतो.
बसेल की.
मग क्लच जाईल. मग जॉइंट. मग हाऊसिंग.
कुठेतरी तुटायचंच असतं त्याला,
तू फक्त जागा बदलतोयस.

आणि दांड्यावरचा तो हात काढ आधी.
पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा ठेवतोस दिवसभर.
आत दोन बोटांचा फोर्क आहे,
तुझ्या मायेने घासतो.

तो काही बोलला नाही.
पैसे देताना म्हणाला, बाबा असते तर
एवढं बोलले नसते.
खरं आहे. बाप फक्त ट्रे दाखवायचा.

चौथ्या दिवशी सगळं जुळवलं.
नवं तेल, नवी रिंग, तिसरा गिअर कुर्ल्याहून,
जुनाच, पण दात शाबूत.
कण्या मी बापाच्या तपकिरीच्या डबीत भरल्या,
त्याच्या हातात दिली.
डॅशबोर्डवर ठेव, म्हटलं. देवाच्या शेजारी.

संध्याकाळी तो निघाला.
मी गल्लीच्या तोंडाशी उभी, पान्याचं वजन हातात,
मिठागराकडून खारा वारा.
पहिला.
मग दुसरा, नेहमीच्या घाईचा, जरासा कुरकुरला.
मग काहीच नाही,
इतका वेळ काहीच नाही
की वाटलं गाडी बंद पडली.
मग तिसरा पडला. आवाज झाला नाही.

चौथा तो फ्रीवेवर टाकेल.
तिथलं मला इथून ऐकू येत नाही.